वस्तीत चित्रशाळा उभी करायची तर आधी वार ठरवा

सोलापुरी चादरीवरचं फूल मागावर येण्याआधी चौकटीच्या कागदावर येतं. भरलेला चौकोन म्हणजे उभा धागा वर, रिकामा चौकोन म्हणजे खाली. त्या कागदावरून पंचकार्डं पाडायची, कार्डं जकार्डवर, म्हणजे कार्डांप्रमाणे धागे उचलणाऱ्या मागावरच्या यंत्रावर चढवायची, मग विणकाम. आता बरंचसं काम संगणकावर होतं, पण चौकोन भरण्याची अक्कल तीच लागते. आमच्या गल्लीत असं काम करणारे एक अण्णा आहेत. उभं आयुष्य त्यांनी मोर, कोयऱ्या आणि गुलाब चौकोनांत बसवण्यात घालवलं. त्यांना एकदा म्हटलं, तुम्ही चित्रकार आहात. तर म्हणाले, "छे ओ बाई, आपण नुसतं ग्राफ भरतो. चित्रकार ते मुंबईचे."

चित्रशाळा काढायची ती या वाक्यासाठी. सोलापुरात कलावंतांचा दुष्काळ नाही. आपण जे करतो त्याला कला म्हणायची ज्यांना सवय नाही अशा लोकांचं हे गाव आहे. नफा न कमावणारी, वस्तीतली, चार भिंतींची चित्रशाळा हे काम करू शकते. मी पूर्वी चित्रकलेची शिक्षिका. नोकरी संपल्यावर आम्ही काहीजणांनी पूर्व भागात अशी एक खोली चालवायला घेतली. त्यात जे जमलं आणि जे फसलं, ते क्रमानं सांगते.

वार आणि वेळ

पहिली चूक सगळे करतात, आम्हीही केली. हॉल शोधत बसलो. हॉल मिळेल, मग दिवे लावू, मग उद्घाटन, मग वर्ग. त्यात जवळपास वर्ष गेलं आणि एकाही पोरानं रेघ ओढली नाही. शेवटी कंटाळून एका शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली आणि वार ठरवून टाकला. चित्रशाळा त्या दिवशी सुरू झाली, खोली नंतर आली.

वार ठरवण्याआधी वस्तीचं वेळापत्रक लिहून काढा. शाळा किती वाजता सुटते, यंत्रमागाची पाळी कधी बदलते, कारखान्याची आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी, बिडी वळणाऱ्या बायका माल जमा करायला कधी जातात, घराघरांत स्वयंपाकाची वेळ कोणती. हे अंदाजानं लिहू नका, दहा घरांत विचारून लिहा. आणि एक गोष्ट सोलापूरकरांना सांगावी लागणार नाही, पण बाहेरून आलेल्या उत्साही मंडळींना सांगावी लागते: नळाला पाणी येण्याचा दिवस. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, आणि त्या दिवशी कोणतीही बाई पिंपं भरायची सोडून चित्र काढायला येणार नाही. पाण्याचा दिवस आठवड्याच्या वाराला बांधलेला नसतो, तो सरकत राहतो. म्हणून एक वार ठेवू नका, दोन ठेवा. एक बुडाला तर दुसरा असतो. आम्ही बुधवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ धरली.

मग बारा आठवडे दार न चुकता उघडायचं. पाऊस, लग्न, मॅच, काही असो. एकच पोरगा आला तरी पूर्ण वेळ बसायचं. आमच्या चौथ्या बुधवारी कोणी आलं नाही. मी एकटीच समोरच्या रिक्षाचं स्केच करत बसले. पुढच्या बुधवारी तो रिक्षावाला आपल्या मुलीला घेऊन आला, कारण कुणीतरी त्याला सांगितलं होतं की बाई तुझी रिक्षा काढूलालत्या. या बारा आठवड्यांची हजेरी वही जपून ठेवा. पुढे शाळेकडे, नगरसेवकाकडे किंवा देणगीदाराकडे जाताना तिच्याइतका चांगला कागद तुमच्याकडे दुसरा नसेल.

कोणाच्या हातात काय आहे

त्याच बारा आठवड्यांत दुसरं काम सुरू ठेवा. एक वही घ्या आणि वस्तीतले हात नोंदवा. ग्राफ भरणारे, जकार्डची कार्डं पाडणारे, गणपतीच्या मूर्ती घडवणारे, गणवेशाच्या कारखान्यात कटिंग करणारे, मेंदी काढणाऱ्या मुली, दारात ठिपक्यांचा मुग्गू म्हणजे रांगोळी घालणाऱ्या तेलुगू आज्या. आणि पाट्या रंगवणारे पेंटर. फ्लेक्स आल्यापासून या पेंटरांचं काम गेलं. पण अक्षराची जाडी, दोन अक्षरांमधली हवा आणि लांबून वाचता येईल असा रंग, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत मोठे झाले, हे पोरांना सांगायला विसरू नका. पेंटरकाकांकडे बघायची नजर तेवढ्यानं बदलते.

वहीत तीनच गोष्टी विचारा. काय करता? कुणाकडून शिकलात? एक तास मुलांसमोर बसून करून दाखवाल का? "शिकवाल का" असं विचारलं की माणूस बिचकतो. "आम्हाला काय येतंय शिकवायला?" हे उत्तर ठरलेलं. करून दाखवायला मात्र सगळे तयार होतात, आणि मुलं त्यातूनच शिकतात.

भाषेचाही विचार आत्ताच करून ठेवा. पूर्व भागात एका बाकावर तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी चार मुलं सहज बसतात. आमचा अनुभव असा की एकच भाषा धरून बसू नये. सूचना मराठीत द्या, पण शेजारच्या मुलाला दुसऱ्याला समजावून सांगू द्या. मुलं ते दुभाष्यापेक्षा भराभर करतात.

नाव आणि नोंदणी

नावाबद्दल आधी एक जपून सांगते. आपल्या जिल्ह्यात "कलाकेंद्र" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ढोलकी आणि घुंगरू येतात. लावणी ही थोर कला आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण आम्ही पहिल्यांदा "कलाकेंद्रासाठी खोली हवी" म्हणालो तेव्हा घरमालकानं दोनदा विचारलं की रात्री किती वाजेपर्यंत चालणार. आम्ही नाव बदलून चित्रशाळा केलं. खोली मिळाली.

महाराष्ट्रात नोंदणीचे तीन रस्ते आहेत. पहिला, संस्था म्हणून: संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली. किमान सात सभासद लागतात, आणि आपल्या राज्यात अशी संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदवावी लागते. दुसरा, न्यास म्हणजे ट्रस्ट: न्यासपत्र करायचं आणि त्याच १९५० च्या कायद्याखाली नोंदवायचं. तिसरा, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची कंपनी. वस्तीतल्या चित्रशाळेसाठी माझं मत पहिल्या रस्त्याच्या बाजूनं आहे. सात सभासद हा त्रास नाही, ती सोय आहे. सात माणसं शोधावी लागतात म्हणून तरी आपण आपल्या घराबाहेर बघतो. ट्रस्ट काढणं सोपं असतं, पण तो हळूहळू एका घराचा होत जातो, आणि मग त्या घरातलं भांडण चित्रशाळेचं भांडण होतं. कंपनीचं हिशेबाचं आणि विवरणपत्रांचं ओझं छोट्या गटाला झेपत नाही. पगारी माणूस परवडत असेल तरच त्या वाटेला जा.

सात जणांत कोण असावं? हिशेब समजणारा एक. चित्रकार एक किंवा दोन, त्याहून जास्त नको. शाळेतली एक बाई. बिडी वळणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्यांपैकी एक. पंचविशीच्या आतलं एक. नवरा-बायको किंवा दोघे भाऊ एकाच समितीत नकोत. कितीही प्रेमळ असले तरी नकोत.

उद्देशांचं कलम लिहिताना घाई करू नका. "कलेचा प्रसार व प्रचार" एवढ्यावर थांबू नका. दृश्यकलेचं शिक्षण, पारंपरिक कला आणि हस्तव्यवसायांचं जतन, प्रदर्शनं, ग्रंथालय, हे स्वतंत्र कलमांत लिहा. पुढे आयकर नोंदणी आणि कंपन्यांचा सामाजिक निधी, दोन्ही ठिकाणी हीच कलमं वाचली जातात. उद्देश नंतर बदलणं किचकट असतं.

नोंदणी झाली की दोन सवयी लावून घ्या. वर्षाचे हिशेब ३१ मार्चला बंद करून लेखापरीक्षण करून घ्यायचं आणि धर्मादाय कार्यालयात वेळेत दाखल करायचं. आणि समितीत कोणी आलं, गेलं, वारलं, पत्ता बदलला, तर ९० दिवसांत फेरफार अर्ज टाकायचा. हा दुसरा मुद्दा इतका साधा आहे की सगळे विसरतात. दहा वर्षांनी बँक किंवा देणगीदार धर्मादाय कार्यालयातला उतारा मागतो, आणि त्यावर तीन वारलेली आणि दोन पुण्याला गेलेली माणसं विश्वस्त म्हणून बसलेली असतात.

आयकराची नोंदणी वेगळी. लोक अजूनही "१२ए" आणि "८०जी" म्हणतात. आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्यानं कलमांचे आकडे बदलले आहेत, पण गोष्ट तीच: एक नोंदणी संस्थेचं उत्पन्न करमुक्त राहण्यासाठी, दुसरी देणगीदाराला सवलत मिळण्यासाठी. आधी तात्पुरती नोंदणी मिळते, मग नियमित. तारखा सीएच्या डोक्यावर सोडू नका, स्वतःच्या भिंतीवर लिहून ठेवा. सवलतीच्या जोरावर फार आशाही धरू नका. नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदाराला या देणगीवर वजावट मिळत नाही, आणि २,००० रुपयांहून जास्त रोख दिलेल्या देणगीवर तर कोणालाच मिळत नाही. म्हणून मोठी रक्कम चेकनं किंवा यूपीआयनंच घ्या. परदेशातल्या भाच्यानं मनीऑर्डरसारखे पैसे पाठवले तर? तो परकीय नागरिक झाला असेल, तर परकीय योगदान कायद्याची परवानगी नसताना ते घेता येत नाहीत. नम्रपणे परत करा.

जागा

जागेचे पर्याय सोलापुरात बरेच आहेत, आणि प्रत्येकात एक खोच आहे.

महापालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. अर्ज करून वापर मिळू शकतो, पण भिंतीला खिळा मारता येत नाही आणि परीक्षा, निवडणूक आली की बाहेर व्हावं लागतं. सुरुवातीच्या वर्षाला हे उत्तम. समाजाच्या किंवा देवस्थानच्या इमारतीतली खोली मिळत असेल तर लक्षात ठेवा, ती संस्थाही सार्वजनिक न्यास असते. तिला आपली इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तोंडी "दहा वर्षं वापरा की" याला अर्थ नाही. खाजगी खोली घेतली तर ११ महिन्यांचा का असेना, लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या. महाराष्ट्रात तो नोंदवणं बंधनकारक आहे.

माझा जीव मात्र बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये अडकलेला आहे. मधे खांब कमी, थ्री फेज वीज असते, जमीन भक्कम, रंग सांडला तरी कोणी रडत नाही. अडचणी तीन. शेजारी माग चालू असेल तर आवाज, आणि सुताचे बारीक तंतू हवेत असतात ते ओल्या तैलरंगावर जाऊन बसतात. तिथं जलरंग, ॲक्रिलिक, लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापायचं चित्र) आणि मातीकाम करा, तैलरंगाचा हट्ट सोडा. तिसरी अडचण पत्र्याची. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. छताला बाहेरून चुन्याचा पांढरा थर द्या, आत खाली कापडाचं छत ताणा, आणि उन्हाळ्याचे वर्ग सकाळी सात ते दहा ठेवा. ताणलेलं कापड जुन्या चादरींचं असेल तर अगदीच छान दिसतं, पण ते विजेच्या दिव्यांपासून लांब ठेवा.

उन्हाचा परिणाम रंगावरही होतो. ॲक्रिलिक पॅलेटवर काही मिनिटांत वाळतं. ओल्या फडक्यावर बटर पेपर ठेवून त्यावर रंग घ्या आणि जवळ पाण्याची फवारणीची बाटली ठेवा. मातीची भांडी पंख्याखाली ठेवली तर तडकतात. ओल्या गोणपाटाखाली, सावलीत, दोन-तीन दिवस हळूहळू वाळवा.

पाणी वाचवण्यासाठी ब्रश धुवायला तीन बादल्यांची रांग लावा: पहिलीत ढोबळ रंग, दुसरीत उरलेला, तिसरीत स्वच्छ पाणी. पहिली बादली गढूळ झाली की ती बाजूला ठेवायची आणि दुसरी पुढे सरकवायची. बाजूला ठेवलेल्या बादलीत रात्रभर रंग तळाशी बसतो. वरचं पाणी पुन्हा वापरा, खालचा गाळ वाळवून कचऱ्यात टाका. गाळ आणि प्लास्टर ऑफ पॅरिस मोरीत कधीच सोडू नका. आमची मोरी एकदा तुंबली आणि प्लंबरनं पाइपातून गणपतीच्या पायासारखा दिसणारा दगड बाहेर काढला.

दिव्यांसाठी दुकानात "सीआरआय ९०च्या वर" असे एलईडी मागा (सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा), उजेडाचा रंग ४००० केल्विनच्या आसपास, आणि सगळे एकसारखे. एक दिवा पिवळा आणि एक निळसर असला की मुलं रंग मिसळायला चुकतात आणि दोष स्वतःला देतात. दारात उंबरा असेल तर रॅम्प करा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण धरा, त्याहून उभा केला तर चाकाची खुर्ची एकट्यानं चढत नाही. टर्पेंटाइन वापरत असाल तर झाकणाच्या लोखंडी डब्यात, सावलीत, कमीत कमी. त्याची फडकी ढीग करून ठेवू नका, पसरून वाळवा. आग विझवायचं सिलिंडर दाराजवळ हवं, कपाटामागे नको.

सामान

मोठी यादी करू नका. पन्नास पाट, क्लिप, पेन्सिली, कार्ट्रिज पेपरचे रिम, पोस्टर रंग, शाडू, लिनो कोरायची हत्यारं आणि रोलर, चौकटीचा कागद. लिनोकटला छापायंत्र लागतंच असं नाही. स्टीलच्या डावाच्या पाठीनं घासून सुंदर छाप येतो. सोलापूरच्या कापडाच्या गावात स्क्रीन प्रिंटिंगची फ्रेम स्थानिक कारागिराकडून करून मिळते, ती पुण्याहून मागवू नका. भट्टी पहिल्या दोन वर्षांत घेऊच नका. वीजबिल आणि सांभाळ, दोन्ही झेपत नाहीत. साहित्य कपाटात कुलूप लावून ठेवायची इच्छा आवरा. मुलाला रंग मागून घ्यावा लागला की तो सर्वांत फिका रंग मागतो.

वर्ग कसे चालवायचे

पालक पहिल्यांदा येतील ते एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटसाठी. कला संचालनालयाच्या या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे मागणी पक्की आहे. नाक मुरडू नका. हा वर्ग घ्या, चांगला घ्या, त्याच्या फीवर बाकीचं चालेल. फक्त त्यालाच चित्रशाळा होऊ देऊ नका. आठवड्यातला एक वार परीक्षेचा, दुसरा वार मोकळा, अशी सरळ वाटणी करा. मोकळ्या वारी कोणी "सर, हे परीक्षेत येतं का?" विचारलं की हसून दुसऱ्या वाराकडे बोट दाखवायचं.

परीक्षेतल्या संकल्पचित्राचा धडा मात्र आम्ही ग्राफवाल्या अण्णांच्या हातात दिला. तो असा चालतो, तुम्हीही करून बघा. प्रत्येकाला सोळा गुणिले सोळा चौकोनांचा तुकडा द्यायचा. दोनच रंग. एक पान किंवा पक्षी काढायचा, पण तिरकी रेघ ओढायची नाही, चौकोन भरायचा किंवा सोडायचा. मुलं गोल काढायला धडपडतात. मग अण्णा दाखवतात, पायऱ्या कशा टाकल्या म्हणजे लांबून वळण दिसतं. पुढच्या तासाला चार मुलांचे तुकडे शेजारी शेजारी ठेवायचे. उजवीकडचं टोक डावीकडच्याला जुळतं का? जुळत नसेल तर दुरुस्ती. तिसऱ्या तासाला रंग उलटे करून तेच पुन्हा, कारण जकार्डच्या चादरीला पाठीमागून बघितलं तर बहुधा रंगांची अदलाबदल झालेली दिसते. घरी जाऊन मुलांनी स्वतःची चादर उलटी करून बघायची, हा गृहपाठ. यात रचना, पुनरावृत्ती आणि भरीव-मोकळ्या जागेचं नातं, सगळं येतं, आणि ज्या घरात बाप मागावर आहे त्या घरात त्या रात्री मुलाशी बोलायला विषय मिळतो.

बायकांचा वर्ग वेगळा ठेवा असं पहिल्यांदा वाटलं नव्हतं. पण एकत्र वर्गात त्या मुलांना आणून सोडायच्या आणि दारात बसायच्या. "अक्का, आम्हाला कुठं येतंय?" म्हणून. मग आम्ही मुग्गूपासून सुरुवात केली. जमिनीवरचे ठिपके कागदावर, कागदावरून कापडावर, कापडावरून लिनोवर. जे हात रोज हजार बिड्या एकाच मापाच्या वळतात त्यांना ठिपके समान अंतरावर ठेवायला फूटपट्टी लागत नाही.

महिन्यातून एकदा बाहेर पडा. महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीची नक्षीदार दर्शनी बाजू, भुईकोट किल्ल्याचे बुरूज, सकाळचा सिद्धेश्वर तलाव. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर बसून पाळणे आणि माणसं काढायला मिळतात, पण सर्वांत चांगला सराव त्याआधीचा: यात्रेतले उंच, जड नंदीध्वज पेलायचा सराव करणारे तरुण. सात नंदीध्वजांपैकी एक जरी समोरून गेला तरी तोल आणि वजन रेघेत कसं आणायचं हे दहा व्याख्यानांपेक्षा जास्त कळतं. यात्रेत स्केच करताना गर्दीत मुलांसाठी मोठी माणसं पुरेशी ठेवा, पाच मुलांमागे एक.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम लेखी हवेत. एकट्या मुलाबरोबर एकटा मोठा माणूस बंद दाराआड कधीच नाही, कितीही ओळखीचा असला तरी. वर्गात दोन मोठे, दार उघडं. फोटो टाकायचा तर पालकांची लेखी संमती. तक्रार कोणाकडे करायची त्या बाईंचं नाव भिंतीवर. पॉक्सो कायद्याची माहिती शिकवणाऱ्या प्रत्येकाला आधी द्यायची, सही घ्यायची.

प्रदर्शन

वर्षातून दोनच प्रदर्शनं करा, पण नीट करा. हे मी जोर देऊन सांगते, कारण बाकी सगळं लोक विसरतात, भिंतीवर लागलेलं स्वतःचं चित्र विसरत नाहीत.

चित्र कोणाचंही असो, माउंट सारखं द्या. पांढरा माउंट बोर्ड, सर्व बाजूंनी अडीच-तीन इंच, खालची बाजू अर्धा इंच जास्त. नातवाचं पोस्टर रंगाचं चित्र असो की नावाजलेल्या चित्रकाराचं जलरंगातलं, दोघांना एकच कोरी पट्टी. उंची ठरवताना चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटीमीटरवर ठेवा. मुलांसाठीचं प्रदर्शन असेल तर १२० वर आणा आणि मोठ्यांना वाकू द्या. चित्रं वेगवेगळ्या आकाराची असली तरी मध्यरेषा एकच ठेवा, वरची कड जुळवायच्या नादी लागू नका. भिंतीला खिळे चालत नसतील तर आठ बाय चार फुटी प्लायवुडला पांढरा रंग देऊन दोन-दोन पाट्या बिजागरीनं जोडा, व्ही आकारात उभ्या राहतात. दिवा चित्राच्या समोरून नको, वरून तिरका हवा, म्हणजे काचेत बघणाऱ्याचं तोंड दिसत नाही.

नावपट्टीवर नाव, वय नको, माध्यम, वर्ष आणि चित्रकारानं स्वतः सांगितलेलं एक वाक्य. नाव घरच्या भाषेच्या लिपीतही लिहा. तेलुगू, कन्नड, उर्दू लिहून देणारं कुणीतरी वस्तीत सापडतंच. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा एक आजी आपल्या नातीच्या नावासमोर बराच वेळ उभ्या होत्या. चित्राकडे त्यांनी नंतर बघितलं.

उद्घाटनाला मंत्री, शाल, श्रीफळ आणि पाऊण तासाचं प्रास्ताविक टाळा. आम्हाला एकदा टाळता आलं नाही. सत्कार बारा झाले, मुलं झोपली, आणि चित्रं बघायला फक्त मंडपवाला उरला. आता उद्घाटन चित्र काढणाऱ्यांपैकी सर्वांत लहान मूल करतं, आणि भाषण नसतं. पाहुण्यांना शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी द्या, केकपेक्षा स्वस्त पडते आणि लोक थांबतात.

चित्र विकलं जावं का? जावं. पण आधी एका पानाचा करार: किंमत चित्रकारानं ठरवायची, संस्थेचा वाटा किती (आम्ही २० टक्के ठेवला), पैसे किती दिवसांत द्यायचे, न विकलेलं चित्र कधी परत न्यायचं. चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, कॉपीराइट कायदा १९५७ तसं सांगतो. म्हणून विकत घेणाऱ्याला ते चादरीवर किंवा पिशवीवर छापायचं असेल तर वेगळी परवानगी आणि वेगळा पैसा. सोलापुरात हा प्रश्न लवकर येतो. विक्रीतून येणारा वाटा वाढत चालला तर सीएला भेटा. संस्थेचा उद्देश आयकर कायद्यातल्या "सर्वसाधारण लोकोपयोग" या खान्यात मोडत असेल, तर व्यवसायासारखी मिळकत एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, नाहीतर करसवलत धोक्यात येते.

पैसा

आता हिशेब. पुढचे आकडे फक्त गणित समजावं म्हणून. समजा भाडं ८,०००, वीज-पाणी २,५००, साहित्य ४,०००, दोन शिकवणाऱ्यांचं मानधन १२,०००, किरकोळ १,५००. महिन्याला २८,००० रुपये. आता जमा. वस्तीतली आणि ओळखीची शंभर घरं महिन्याला शंभर रुपये देतील तर १०,०००. परीक्षेच्या वर्गातली चाळीस मुलं १५० रुपये फी देतील तर ६,०००. महिन्याला एक सशुल्क कार्यशाळा ४,०००. उरलेले ८,००० दोन-तीन व्यापाऱ्यांकडून. बघा, शंभर घरांचा आकडा सर्वांत मोठा आहे, आणि सर्वांत टिकाऊही. एक मोठा देणगीदार रुसला की केंद्र बंद पडतं, शंभरातले पाच रुसले तरी दार उघडं राहतं.

फुकट ठेवू नका. फुकट वर्गाला पोरं येतात आणि पाऊस आला की येत नाहीत. फी ठेवा, पण ज्याला जमत नाही त्याची माफी गुपचूप, वहीत, बोर्डावर नको. काही आयांनी फीऐवजी खोली झाडून द्यायची तयारी दाखवली. आम्ही नको म्हटलं. मूल शिकतंय म्हणून आईनं केर काढायचा, हा हिशेब मनाला पटेना. त्याऐवजी सर्वांनी आळीपाळीनं झाडायचं ठरलं, बाईंसकट.

कंपन्यांच्या सामाजिक निधीची स्वप्नं लगेच बघू नका. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला, संस्कृती, पारंपरिक कला आणि हस्तव्यवसाय यांचा उल्लेख आहे, म्हणजे दार आहे. पण बाहेरच्या संस्थेला असा निधी घ्यायचा तर सीएसआर-१ ही केंद्र सरकारकडची नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. ती तीन वर्षं हजेरी वही आणि लेखापरीक्षण नीट ठेवण्यात घालवा. सरकारी बाजूला उदयपूरचं पश्चिम क्षेत्र आणि नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र, या दोन्ही सांस्कृतिक केंद्रांच्या क्षेत्रात महाराष्ट्र येतो. त्यांच्या कार्यशाळा आणि शिबिरांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

आणि एक जुनं उदाहरण. चेन्नईजवळचं चोळमंडल हे चित्रकारांचं गाव १९६६ साली के. सी. एस. पणिक्कर यांच्या पुढाकारानं वसलं. चित्रकारांनी बाटिकसारख्या (मेण लावून रंगवलेलं कापड) हस्तकलेच्या वस्तू करून विकल्या आणि त्या पैशातून जमीन घेतली. चित्रं विकली जात नव्हती, तर त्यांनी हातानं विकेल असं काही केलं. चादर, टॉवेल आणि वॉल हँगिंगच्या गावात आपल्याला हे सांगायला चेन्नईला जायला नको होतं खरं तर.

भांडणं

होतात. होणारच. तीन नियम पहिल्याच बैठकीत लिहून इतिवृत्तात घाला. समितीवर असेपर्यंत कोणाचंही स्वतःचं एकल प्रदर्शन चित्रशाळेत नाही. बँकेच्या खात्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या. आणि राजकीय पक्षाचा बॅनर आत नाही, मग देणगी कितीही मोठी असो. तिसरा नियम पाळताना आम्ही एका देणगीला मुकलो. भिंत मात्र कोरी राहिली.

परीक्षांच्या मार्चमध्ये आणि गणपतीत हजेरी अर्ध्यावर येते. घाबरू नका, वर्ग रद्द करू नका. गणपतीत दोन बैठका मूर्तिकारांच्या शेडमध्येच घ्या, शाडूचा हात तिथं बसतो.

किल्ल्या दोन करा. एक तुमच्याकडे, दुसरी वस्तीतल्या अशा माणसाकडे, जो चित्रकार नाही. आमची दुसरी किल्ली चहाच्या गाड्यावर असते. मी आजारी पडले त्या बुधवारी साडेपाचला त्यानंच दार उघडलं, सतरंजी टाकली आणि पोरांना म्हणाला, "बसा, बाई येणार न्हाईत, आज माझा गाडा काढा."